हेडस्टॉकवरचं नाव सगळ्यात शेवटी वाचा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचा भाऊ योकोहामाला नोकरीला आहे आणि दिवाळीत नाशिकला घरी येतोय. जुन्या वाद्यांच्या दुकानात त्याने तुमच्यासाठी दोन इलेक्ट्रिक गिटार बघून ठेवल्यात. एक अमेरिकेच्या गिब्सन कंपनीच्या लेस पॉल या मॉडेलच्या आकाराची ग्रेको, मॉडेल ईजी-५००, सीरियल नंबर ‘एफ ७८’ने सुरू होणारा. दुकानदार तिला ‘लॉसूट गिटार’ म्हणतोय. दुसरी साठच्या दशकातली चार पिकअपची (तारांचं कंपन पकडणारे भाग) टेस्को. तिला ‘जंक’ची चिठ्ठी लावलेली आहे आणि किंमत पहिलीच्या पावपट. दोन्हींतली कोणती आणायची आणि पुढे संग्रह करायचा तर सुरुवात कशी करायची, असं तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात बावीस वर्षं गिटार दुरुस्तीचं काम करतोय. या काळात जुन्या जपानी गिटार पुष्कळ हातांखालून गेल्या, काही माझ्याकडेच राहिल्या. त्या सगळ्यांनी एक गोष्ट पक्की शिकवली: या गिटारच्या हेडस्टॉकवरचं, म्हणजे खुंट्या असलेल्या माथ्यावरचं नाव तुम्हाला सगळ्यात कमी माहिती देतं, म्हणून ते शेवटी वाचायचं. आधी गिटार हातात घ्यायची, नेक बघायची, लाकूड ठोकून ऐकायचं, मागचा पत्रा आणि नंबर बघायचा. नाव त्यानंतर.

असं का, ते नीट सांगतो. ग्रेको हे कांदा शोकाई या व्यापारी कंपनीचं नाव. इबानेझ हे नागोयाच्या होशिनो गाक्कीचं. पण सत्तरच्या दशकात या दोन्ही नावांच्या बहुतेक चांगल्या इलेक्ट्रिक गिटार एकाच कारखान्यातून निघत होत्या: नागानो प्रांतातल्या मात्सुमोतो गावचा फुजिगेन गाक्की, स्थापना १९६०. त्याच गावात मात्सुमोकू नावाचा दुसरा कारखाना होता. त्यांचा मूळ धंदा सिंगरच्या शिलाई मशीनची लाकडी कपाटं बनवायचा. लाकूड कापणं, जोडणं, पॉलिश करणं यात हात आधीच बसलेला. त्यांनी आरिया प्रो टू बनवल्या, वेस्टोन बनवल्या, व्हँटेज बनवल्या आणि १९७० पासून एपिफोनच्या गिटारही तिथेच बनू लागल्या. १९८७ मध्ये तो कारखाना बंद झाला. म्हणजे एका छपराखाली डझनभर नावं. आपल्याकडे मिरजेला तंबोरा घ्यायला गेलेला माणूस जसा कोणाच्या हातचा आहे हे विचारतो आणि जव्हारी ऐकतो, तसंच इथे करायचं. कारखाना कोणता, साल कोणतं, किमतीची पायरी कोणती, हे तीन प्रश्न सुटले की नाव आपोआप जागेवर बसतं.

आता तो ‘लॉसूट’ शब्द, म्हणजे ‘जिच्यावरून खटला झाला ती नक्कल’. या शब्दाने आजवर खूप लोकांचे पैसे वाया घालवलेत, म्हणून जरा थांबतो. खटला खरोखर झाला होता. गिब्सनची मालक कंपनी नॉरलिन हिने जून १९७७ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या न्यायालयात एल्गर या कंपनीवर दावा लावला. एल्गर म्हणजे होशिनोची अमेरिकेतली बाजू, इबानेझ विकणारी. वाद मुख्यतः हेडस्टॉकच्या आकाराचा होता: गिब्सनचा तो उघड्या पुस्तकासारखा माथा इबानेझवर हुबेहूब होता. १९७८च्या सुरुवातीला कोर्टाबाहेर तडजोड झाली. गंमत अशी की दावा लागेपर्यंत इबानेझने आपला माथा बदलायला घेतलाही होता. ग्रेको, टोकाई, बर्नी या इतर जपानी नावांचा या खटल्याशी काहीही संबंध नव्हता. ग्रेको जपानच्या बाजारासाठी बनायची आणि तिच्यावर तो माथा नंतरही राहिला. तेव्हा तुमची जून १९७८ची ग्रेको ‘लॉसूट’ नाही. तिची किंमत त्या शब्दामुळे चढवलेली असेल, तर भावाने तेवढी रक्कम सरळ कमी करून मागावी.

जून १९७८ हे मी कुठून काढलं? सीरियल नंबरातून. त्या काळातल्या फुजिगेनच्या ग्रेको आणि इबानेझवर पहिलं अक्षर महिन्याचं असतं: ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, असं करत एल म्हणजे डिसेंबर. पुढचे दोन आकडे सालाचे. एफ ७८ म्हणजे जून ७८. मॉडेलचा आकडाही बोलका आहे. तेव्हाच्या जपानी कंपन्या बहुतेकदा छापील किंमतच मॉडेलच्या नावात घालत. ईजी-५०० म्हणजे पन्नास हजार येन. टोकाईची एलएस-५० म्हणजेही पन्नास हजार आणि एलएस-१५० म्हणजे दीड लाख. ग्रेकोची ईजीएफ-१८०० म्हणजे एक लाख ऐंशी हजार. मला ही पद्धत फार आवडते, कारण त्यात कारखाना तुमच्याशी सरळ बोलतो: एवढ्या पैशात एवढं लाकूड, एवढी मेहनत. वरच्या पायरीवर लाकडाचे तुकडे कमी, पिकअप चांगल्या, फिनिश पातळ. खालच्या पायरीवर तुकडे जास्त, फिनिश जाड, पण नेकवरचं हातकाम बऱ्याचदा तितकंच मन लावून केलेलं. पन्नास हजारची पायरी ही वाजवणाऱ्याची पायरी. ती मी नि:शंकपणे सुचवतो.

पण एक तपासणी भावाने केलीच पाहिजे. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या बऱ्याच स्वस्त लेस पॉल नकलांना वरचा फुगीर भाग भरीव नसायचा. दाबून वाकवलेला प्लायवूडचा पातळ पत्रा वर बसवलेला असे आणि त्याच्या खाली पोकळी. शिवाय नेक चिकटवलेली नसून चार स्क्रूंनी आवळलेली. ७८ सालापर्यंत चांगल्या पायरीवर चिकटवलेली नेक आणि भरीव बॉडी आली होती, पण गृहीत धरू नका. ब्रिज आणि कडा यांच्या मधल्या भागावर बोटाच्या पेराने हलकेच टकटक करायचं. भरीव लाकूड ‘ठक्’ असं बोलतं आणि आवाज तिथेच संपतो. पोकळ असेल तर ‘टॉक्’ असा डब्यासारखा आवाज येतो, थोडा रेंगाळतो. एकदा दोन्ही ऐकलं की आयुष्यात चुकत नाही. माझ्याकडे एकाने ‘भरीव मॅहोगनी, अस्सल’ म्हणून घेतलेली गिटार आणली होती. टेबलावर ठेवताना माझी अंगठी तिला लागली आणि दोघांनाही एकदमच कळलं. मुलाचा चेहरा उतरला. ती गिटार वाईट नव्हती, तिचा स्वतःचा एक मोकळा, किंचित अकॉस्टिक आवाज होता. फक्त त्याला सांगितलं होतं ते खोटं होतं.

नेक हा या साऱ्या प्रकरणाचा गाभा. पिकअप बदलता येते, वायरिंग नव्याने करता येतं, फ्रेट नवे घालता येतात. पिळवटलेली नेक घरी आणली की तिचं ओझं कायमचं. जपानी विक्रेते नेकबद्दल बऱ्यापैकी प्रामाणिकपणे लिहितात, फक्त त्यांचे शब्द माहीत हवेत. भाऊ जपानी वाचत असेल तर चिठ्ठीवर हे शोधायला सांगा: ‘जुनझोरी’ म्हणजे नेक तारांच्या ओढीने पुढे वाकलेली. थोडी असेल तर काळजी नाही, ट्रस रॉडने, म्हणजे नेकच्या आतली सळई फिरवून, बसते. ‘ग्याकुझोरी’ म्हणजे उलटी, मागे वाकलेली. रॉड आधीच पूर्ण सैल असेल तर अवघड. ‘मोतोओकि’ म्हणजे नेक बॉडीला जोडते तिथून उचलली गेलेली. हिला रॉडचा उपयोग नाही, तिथले फ्रेट घासावे लागतात किंवा फिंगरबोर्ड. ‘नेजिरे’ म्हणजे पीळ. नेजिरे लिहिलं असेल तर तिथूनच मागे फिरायचं, कितीही स्वस्त असली तरी. आणि ‘रॉद योयू आरि’ असं दिसलं तर आनंद माना: ट्रस रॉडला अजून फिरायला जागा शिल्लक आहे.

मग हेडस्टॉकची मागची बाजू. नटच्या, म्हणजे तारा माथ्याजवळ टेकतात त्या पट्टीच्या खाली, जिथे माथा मागे कलतो, तिथे लेस पॉल धाटणीच्या गिटार पडल्या की तुटतात. मोबाइलचा उजेड आडवा पाडून बघायचं. लॅकरमध्ये केसासारखी रेघ किंवा रंगाचा वेगळाच पट्टा दिसला तर ती जोडलेली आहे. नीट जोडलेली गिटार वर्षानुवर्षं चालते, पण तिची किंमत निम्म्यावर यायला हवी.

पिकअप जिवंत आहेत का, हे दुकानात ॲम्प नसतानाही कळतं. ही युक्ती मी सगळ्यांना सांगतो. एक साधी गिटारची केबल आणि एक छोटा मल्टिमीटर. केबलचं एक टोक गिटारमध्ये, दुसऱ्या बाजूच्या प्लगच्या टोकाला मीटरची एक काडी, बाहेरच्या नळीला दुसरी. व्हॉल्यूम पूर्ण वर. सिंगल कॉइल (तारेचं एकच गुंडाळं) असेल तर साधारण पाच-सहा हजार ओहम, हंबकर (दोन गुंडाळी) असेल तर सात-आठ हजार दिसायला हवेत. आकडा लाखांत गेला तर मीटर फक्त व्हॉल्यूमचा पॉट (बटणाखालचा रोधक) मोजतोय, म्हणजे पिकअपची आतली तार तुटलेली आहे. शून्य दाखवलं तर कुठेतरी शॉर्ट. बस, दोन मिनिटांचं काम.

हे सगळं ग्रेकोसाठी. आता टेस्को, आणि खरं सांगतो, तुमच्या पत्रातलं ‘टेस्को’ वाचून माझे डोळे जास्त चमकले.

जपानमध्ये जानेवारी १९६५ मध्ये द व्हेंचर्स हा अमेरिकी बँड दौऱ्यावर आला आणि तरुण पोरांना इलेक्ट्रिक गिटारचं अक्षरशः वेड लागलं. ‘एलेकि’, म्हणजे इलेक्ट्रिक गिटार, हा शब्द घरोघरी पोचला. टेस्को तोवर जवळपास वीस वर्षं जुनी कंपनी होती, १९४६ची. गुयाटोन तर तिच्याही आधीची. पण या लाटेत त्यांनी जे केलं ते बघण्यासारखं आहे. नक्कल करायला फेंडर-गिब्सन समोर होत्या, तरी त्यांनी आपलेच आकार काढले: ट्युलिपसारखे, अंड्यासारखे, शिंगं फुटलेले. प्रत्येक पिकअपला वेगळा स्विच. स्पेक्ट्रम ५ नावाच्या मॉडेलला तर रंगीत स्विचची रांगच. अमेरिकेत ‘टेस्को डेल रे’ म्हणून आणि सीअर्सच्या ‘सिल्व्हरटोन’ या नावाखालीही या गिटार गेल्या. १९६७ मध्ये कावाईने टेस्को विकत घेतली आणि दशक संपेपर्यंत लाट ओसरली. पुढची कितीतरी वर्षं या गिटारना कोणी विचारत नव्हतं. शिकागोचा ब्लूज वादक हाउंड डॉग टेलर मात्र अशाच स्वस्त जपानी गिटारवर स्लाइड वाजवत राहिला. तो आवाज ऐका, म्हणजे ‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ जरा बदलेल.

तुमच्या भावाने पाठवलेल्या फोटोत पिकअपवर सोनेरी जाळी दिसतेय. ती ‘गोल्ड फॉइल’. राय कूडर या अमेरिकी गिटारवादकाने आपल्या फेंडर स्ट्रॅटच्या नेककडच्या बाजूला टेस्कोची अशीच पिकअप बसवली आणि तेव्हापासून लोक या गिटार विकत घेऊन पिकअप काढून घेतात आणि उरलेलं शरीर फेकून देतात. मला याचा मनापासून त्रास होतो. साठ वर्षं टिकलेलं वाद्य एका सुट्या भागासाठी मोडायचं नसतं.

गेल्या पावसाळ्यात माझ्या टेबलावर अशीच एक होती. पिकगार्डचे स्क्रू काढले तर आतून जुन्या लाकडाचा आणि कापूर उडून गेलेल्या ट्रंकेचा असतो तसा वास आला. बॉडी लावान नावाच्या लाकडाची, हलकी, तांबूस, रेषा मोकळ्या. कारखान्यातल्या कोणीतरी नेकच्या खाचेत पेन्सिलीने दोन जपानी अक्षरं लिहिलेली. पिकअप उघडली तर आत एक मऊसर रबरी चुंबक आणि त्याच्याभोवती केसाहूनही बारीक तांब्याच्या तारेचं गुंडाळं. मेण ओतलेलं नाही, त्यामुळे ती मायक्रोफोनसारखी वागते: ॲम्प लावून मी पिकअपवर ओठ आणून ‘हॅलो’ म्हटलं आणि ते शब्द स्पीकरमधून स्पष्ट आले. जास्त आवाजात त्यामुळे शिट्टी मारते, हे खरं. पण हळू वाजवली की तारेवरून बोट घसरल्याचासुद्धा आवाज येतो. तो जिवंतपणा मला दुसऱ्या कुठल्या पिकअपमध्ये मिळालेला नाही. चारपैकी एक मेलेली होती. तारेचं बाहेरचं टोक हिरवं पडून तुटलेलं, ते सोडवून पुन्हा डाग दिला आणि पिकअप उठली. जुन्या जपानी पिकअपचं दुखणं बऱ्याचदा एवढंच असतं. म्हणून मेलेली पिकअप टाकू नका, बाहेरचं टोक आधी बघा.

या गिटारचे नेहमीचे दोष ठरलेले आहेत. नेक जाड, पुष्कळदा रॉड फिरवायची सोयच नाही, मागच्या पत्र्यावर ‘पोलादाने मजबूत केलेली नेक’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर असतो तेवढाच दिलासा. तारा उंच वाटतात. त्यावर उपाय म्हणजे नेकच्या खाचेत मेपलच्या व्हेनीरची पातळ पट्टी. नेक किंचित मागे कलते आणि तारा खाली येतात. तरंगता ब्रिज बारीक तारा लावल्या की सरकतो आणि खडखडतो. ११ किंवा १२चा जाड तारांचा सेट लावा, खाली दाब पडला की तो शहाण्यासारखा बसतो. व्हॉल्यूमचे पॉट बदलायची वेळ आली तर भोक मोठं करायचं नाही. जपानी पॉट मेट्रिक मापाचे, त्याच मापाचे मागवा. भोक एकदा मोठं केलं की ती गिटार मूळ स्थितीत परत येत नाही.

पुढच्या संग्रहाबद्दल थोडक्यात माझं मत. यामाहाची एसजी-२००० मिळाली आणि परवडली तर घ्याच. १९७६चं डिझाइन, नेक बॉडीतून आरपार गेलेली, ब्रिजखाली पितळी पट्टी, आणि कार्लोस सांताना ती वाजवायचा. वजन भरपूर आहे, खांद्याला कळतं. हमामात्सुच्या टोकाईची सुरुवातीच्या वर्षांतली लव्ह रॉक (लेस पॉल धाटणीची) आणि स्प्रिंगी साउंड (स्ट्रॅट धाटणीची), दोन्ही उत्तम, पण भाव आता फार चढलेत. फेंडर जपान १९८२ मध्ये सुरू झाली, त्यातल्या ‘जेव्ही’ने सुरू होणाऱ्या सीरियल नंबरच्या गिटार फुजिगेनच्याच. त्यांची कीर्ती खरी आहे. पण पैसे मोजून घेणाऱ्याला मी मात्सुमोकूकडे वळवतो: ऐंशीच्या सुमाराच्या आरिया प्रो टू आणि वेस्टोन. त्यांच्या हेडस्टॉकवर मोठं नाव नाही, म्हणून त्या अजून आवाक्यात आहेत. कारागिरी मात्र त्याच गावची. एक गोष्ट कधीही घेऊ नका: जपानी गिटारवर नंतर चिकटवलेला गिब्सनचा किंवा फेंडरचा लोगो. कस्टममध्ये नकली माल म्हणून अडकू शकते, आणि पुढच्या माणसाला फसवायचं साधनही होते.

आणताना तारा एक-दोन सूर सैल करायच्या, पूर्ण काढायच्या नाहीत. हेडस्टॉकच्या खाली आणि भोवती कपडे गच्च भरायचे. पावती जवळ ठेवायची, कस्टमचं मूल्य तिच्यावरून लागतं. भाऊ जुना जपानी ॲम्पही आणणार असेल तर तो १०० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये थेट लावला की गेला. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आधी घ्या. गिटारला अर्थातच याची अडचण नाही.

घरी आल्यावर पंधरा दिवस ट्रस रॉडला हात लावू नका. जपानच्या वेगळ्या हवेतून आलेलं लाकूड आपल्याकडच्या हवेशी जुळवून घेतं आणि त्या काळात नेक स्वतःच हलते. नाशिकला तुलनेने बरं आहे, कोकण-मुंबईत मात्र पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात गिटार ठेवली की खुंट्यांवर आणि पिकअपच्या कव्हरवर हिरवं-पांढरं चढतं. केसमध्ये सिलिका जेलची मोठी पुडी ठेवा, महिन्याने बदला, आणि गिटार उन्हात कधीच वाळवू नका.

तर आता निर्णय. ग्रेको भरीव निघाली, मागून जोड नाही, नेजिरे नाही आणि रॉडला जागा आहे, तर ती तुमची रोज वाजवायची गिटार. टेस्कोचे चार स्विच भावाने एकेक करून चालू करावेत आणि प्रत्येकाचा आकडा लिहून घ्यावा. दोन जरी पिकअप जिवंत असतील आणि नेक सरळ असेल, तरी त्या किमतीत मी ती सोडणार नाही. ‘जंक’ म्हणजे जपानी दुकानात बऱ्याचदा ‘तपासलेली नाही, परत घेणार नाही’ एवढंच असतं, मोडकी असेलच असं नव्हे. आणि ट्रेमोलोचा दांडा गिटारवर दिसत नसेल तर दुकानदाराला जरूर विचारायला सांगा. तो बहुतेकदा काढून काउंटरखालच्या डब्यात ठेवलेला असतो. एकदा हरवला की टेस्कोचा दांडा शोधायला वर्षं जातात.